जिभेखालची लवंग

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

आठवडा राहिला! पलंगाखालून मोठी बॅग काढली तर एक चाक तुटलेलं. हे म्हणाले, "टेप मारतो, होईल." आमचा सगळा संसार यांच्या टेपवर टिकून आहे.

अलिना दुपारी मुनिबाला सोडून गेली. पोरीचं नाक वाहतंय, डोळे लाल. म्हटलं, अगं मग घरी घेऊन बस ना तिला! तर म्हणे, "अम्मी, इट्स जस्ट अ कोल्ड. होल नर्सरी हॅज इट." माझ्याच पोटची लेक आणि मराठीत उत्तर म्हणून देत नाही. तिची चार वर्षांची लेक तर मराठीत रडतही नाही.

हे जुम्म्याहून आले ते नातीला मांडीवर घेऊन थेट टीव्हीसमोर. बिर्याणी झाली की गोरिला — शुक्रवारचा हा आमच्याकडचा नेमच आहे. तेच तेच गोरिले, तेच तेच जंगल, आणि हे दरवेळी पहिल्यांदा बघितल्यासारखे पुढे सरकून बसतात. मुनिबा यांच्या शर्टाला नाक पुसत विचारत होती, "नाना, व्हेअर इज हिज नाना?" हे म्हणाले, "तो काय मागे बसलाय. पाठ पांढरी झालेला. माझ्यासारखा."

डिसेंबरअखेर वर्कशॉप बंद. मालकाने जागा विकली. काम गेलं म्हणजे व्हिसा गेला — खलास. जानेवारीत आम्ही दाभोळला, कायमचे. इतकी वर्षं यांनी इथे आखातात, अल क्वोजच्या शेडमध्ये एसीचे डक्ट वाकवले आणि सुट्टी मिळाली की गाव. कुणाचं लग्न, कुणाची मय्यत, कधी कौलं, कधी विहीर. फिरायला म्हणून कुठे गेलोच नाही. आणि आता जाता जाता एकदम आफ्रिका! लोक हसतात. हसू देत.

हे खूळ बोनिफेसने लावून दिलेलं. वर्कशॉपच्या गेटवर सिक्युरिटीला होता, युगांडाचा. यांच्या डब्यातली माझी भाकरी आणि सुकटाची चटणी अर्धी त्याच्या पोटात जायची. त्याने बदल्यात यांना त्याच्या गावचं तळं, डोंगर, गोरिले सगळं बसल्या जागी दाखवलं. हिंदी शिकला तो वर्कशॉपमधल्या आमच्या पोरांकडून. आता परत जाऊन तिकडे टुरिस्ट लोकांची गाडी चालवतो. दर ईदला फोन. "खैरू भाई, आप आओ, मैं दिखाएगा."

तर जातोय. मला आनंद व्हायला हवा. होत नाही. बॅग भरताना सारखं वाटतंय, ही फिरायला जायची बॅग नाही, कायमचं निघायची आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

मुनिबाला ताप. अलिनाचा फोन. आवाज रडवेला. आता कुठे गेलं "जस्ट अ कोल्ड"?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

मुनिबा उठली, नर्सरीत गेलीसुद्धा. लहान मुलांचं असंच. संध्याकाळी फोनवर गोरिलासारखी छाती बडवून दाखवत होती.

बोनिफेसचा व्हॉइस मेसेज आला. गरम स्वेटर आणा, लांब मोजे आणा, मास्क आणा. आणि शेवटी — "भाभी, एक रूल है. जिसको खांसी, सर्दी, बुखार, वो ऊपर नहीं जा सकता. गोरिला को आदमी का बीमारी जल्दी लगता है. गेट पे चेक करता है."

मी दोनदा ऐकला. यांना ऐकवला नाही.

सकाळी हे बाथरूममध्ये खोकत होते. नळ सोडून.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आता नळ सोडूनही लपत नाही. कोरडा, खोल खोकला. नाक वाहतंय. अंग गरम, फार नाही.

शेजारच्या विभावरीताई गवती चहा आणि पुण्याहून आणलेलं खोकल्याचं औषध देऊन गेल्या. दारातून यांचा खोकला ऐकला त्यांनी. "शहनाझ, डॉक्टरला दाखव गं. नाहीतर तिकीट पुढे ढकला." पुढे! पुढे कुठे? जानेवारीनंतर आमच्याकडे पुढे काय आहे? दाभोळहून कोण युगांडाला जातंय! गवती चहा चांगला होता.

यांच्यासमोर डॉक्टरचं नाव काढलं तर म्हणाले, "आल्यावर जाऊ. आता गेलो तर तो घरी बसवेल." मला तेच ऐकायचं होतं.

या देशात आम्ही सगळे खोकला लपवायला शिकलोय. व्हिसाचं मेडिकल आलं की वर्कशॉपमधल्या पोरांचे चेहरे उतरायचे. छातीत काही निघालं की घरी जावं लागणार, ही एकच धास्ती. साधी सर्दी असली तरी घाबरायचे. मग हे त्यांना एक युक्ती शिकवायचे — जिभेखाली लवंग ठेवायची, चावायची नाही. नाकाने छोटे छोटे श्वास घ्यायचे. खोकला आला की लवंग टाळ्याला दाबायची आणि आवंढा गिळायचा. किती पोरं मेडिकलला गेली असतील खैरुद्दीनभाईंची लवंग तोंडात धरून! बोनिफेसही त्यातलाच. कुणाला काही निघालं नाही कधी. नुसती भीती होती.

लवंगांची पुडी बॅगेत टाकली. हातपिशवीत, वरच्या कप्प्यात.

२९ नोव्हेंबर, शनिवार. एंटेबे

पोहोचलो. विमानात यांनी पूर्ण वेळ तोंडावर शाल घेतली होती. मधल्या सीटवरचा माणूस उठून मागे जाऊन बसला. मला राग आला त्याचा. मग वाटलं, मी असते तर मीही उठले असते.

एअरपोर्टवर पिवळ्या तापाच्या लशीचं कार्ड बघितलं, आणि एका कॅमेऱ्यासमोरून चालायला लावलं. मी यांच्याकडे बघितलं — लवंग आधीच तोंडात. मी न सांगता. आणि पॅनाडॉल मी विमानातच दिली होती. आम्ही दोघं किती शहाणे!

बोनिफेस पाटी घेऊन उभा. पाटीवर मोठ्या अक्षरात KHAIRU BHAI. दोघं गळ्यात पडले. यांनी तोंड बाजूला केलं होतं, ते मी बघितलं. बोनिफेस जाड झालाय. पोट थोपटून म्हणतो, "भाभी, ये आपका भाकरी का पेट है."

बाहेर सगळं हिरवं. इतकं हिरवं मी गावच्या पावसाळ्याशिवाय कुठे बघितलं नव्हतं. आणि हवेला वास होता — ओल्या मातीचा, चुलीचा. मला एकदम रडायला आलं. कारण काही नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

दिवसभर गाडी. रस्त्याच्या कडेने केळीच केळी. हे लोक कच्ची केळी वाफवून भातासारखी खातात. बाजारात बायांनी बारीक मासळी वाळत पसरलेली — आमच्या बंदरावर सुकट पसरतात तश्शी! मी गाडी थांबवायला लावली. मूठभर उचलून वास घेतला. ती बाई माझ्याकडे बघून हसली. मी म्हटलं, "सुकट." ती काहीतरी म्हणाली. आम्हा दोघींना कळलं.

दुपारी दलदलीत लालकाळ्या डोक्याचे, सोनेरी तुऱ्याचे बगळ्यासारखे पक्षी. बोनिफेस म्हणाला, आमच्या झेंड्यावर आहे हा. लांब लांब शिंगांच्या गाई. डोंगर चढायला लागलो तशी थंडी. ढग रस्त्यावर उतरलेले.

हे मागच्या सीटवर. शाल, मफलर. खोकला आला की खिडकीकडे तोंड. बोनिफेस आरशातून बघायचा. एकदा विचारलंच, "भाभी, भाई को खांसी है?" मी म्हटलं, "गाडीचा एसी." तो म्हणाला, "एसी तो बंद है." मग मी म्हटलं, "धूळ. डस्ट."

मग बऱ्याच वेळाने, आपणहून सांगायला लागला — हा रस्ता, ती शाळा, त्याच्या गावातला दवाखाना, ही गाडी. "सब गोरिला का दिया हुआ है, भाभी. पहले हमारा लोग उसको मारता था. अभी उसको कुछ हुआ तो पूरा गाव रोता है."

मी बाहेर बघत राहिले.

१ डिसेंबर, सोमवार. बुन्योनी तळं

तळ्यावर सकाळी धुकं असं बसलं होतं की पलीकडचा किनारा आहे की नाही कळेना. हळूहळू बेटं वर आली. एक, मग दुसरं, मग खूप. डोंगर उतरणीवर पायऱ्यापायऱ्यांची शेतं, वरपर्यंत. पोरं एवढ्याशा होडग्यांतून शाळेला जातायत — झाडाचं खोड कोरलेलं, बस. पिवळे सुगरणीसारखे पक्षी पाण्यावर वाकलेल्या फांद्यांना घरटी लटकवून बसलेले, आणि कलकल काय! सकाळची नमाज तळ्याकाठी पढले. गवत ओलं, कपाळ ओलं. आत मात्र काही हललं नाही. दुआ मागताना शब्दच येईनात. काय मागू? खोकला थांबव? की कुणाला ऐकू येऊ देऊ नकोस?

दुपारी होडीतून फिरलो. वल्हवणाऱ्याने एक छोटं बेट दाखवलं — एकच झाड, बाकी गवत. म्हणाला, पूर्वी लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना इथे आणून सोडायचे. मी चेहरा फिरवला. किती सुंदर ठिकाण आणि किती क्रूर गोष्ट! यांनी त्या झाडाचे फोटो काढले.

संध्याकाळी खोलीत आल्यावर हे कॉटवर बसले आणि म्हणाले, "शहनाझ, उद्या तू जा. मी खाली गाडीत थांबतो."

"का?"

"नियम आहे तो. बोनिफेसने तुला सांगितला, मला माहीत आहे. त्याने मलाही सांगितला." मग म्हणाले, "मी टीव्हीवर बघितलंय, अगो. त्यांना आपली सर्दी सोसत नाही. आपल्याला काही नाही, त्यांना मोठं."

मला इतका राग आला! यांच्यावर नाही. मालकावर, व्हिसावर, त्या विकलेल्या जागेवर, दाभोळच्या गळक्या कौलांवर. आयुष्यभर या माणसाने प्रत्येक रांगेत दुसऱ्याला पुढे जाऊ दिलं. एका गोष्टीसाठी हट्ट केला आणि तीही आता दारात सोडतो! मी म्हटलं, "तुम्ही नाही तर मीही नाही. मला काय करायचेत काळे गोरिले? मी तुमच्यासाठी आले." खूप बोलले. नको तेही बोलले. दाभोळला जाऊन खाटेवर बसून हे सगळं टीव्हीवर बघत राहा म्हटलं.

मग लवंगांची पुडी मी यांच्या उशीपाशी ठेवली.

सध्या झोपलेत. खोकत खोकत.

२ डिसेंबर, मंगळवार

कसं लिहू? सगळं लिहिते.

पहाटे अंधारात निघालो. गाडीत बसल्याबरोबर बोनिफेसने मान वळवली. "लवंग का बास आता है." त्याने गाडी सुरू केली. पूर्ण रस्ता तो एक शब्द बोलला नाही, आणि बोनिफेस बोलत नाही म्हणजे काय ते मला माहीत आहे.

जंगलाच्या गेटपाशी गावच्या बायका नाचून दाखवत होत्या. मग खाकी कपड्यातली रेंजरबाई आली. उंच, हसरी, पण नजर करडी. सगळ्यांना बसवलं. नियम सांगितले — अंतर ठेवा, मास्क काढायचा नाही, थुंकायचं नाही, त्यांच्या डोळ्यात बघायचं नाही. मग विचारलं, "एनीबडी कफ? फ्लू? फीव्हर? प्लीज बी ऑनेस्ट. वुई विल नॉट बी अँग्री." एका गोऱ्या बाईने हात वर केला. तिला शिंका येत होत्या. तिला बाजूला घेतलं. बाई रडायला लागली, पण गेली. तिच्या नवऱ्याने तिचे खांदे धरले आणि तोही गेला!

मी यांच्याकडे बघितलं नाही. यांचा हात हलतोय असं वाटलं. मी तो धरला आणि दाबला.

युनिफॉर्ममधला माणूस तब्येत विचारतो तो परत पाठवायलाच — हे आमच्या हाडात बसलंय. खरं बोलायची जागा अशी असते हे आम्हाला ठाऊकच नाही. कपाळावर ताप मोजायची बंदूक धरली. पहाटेची पॅनाडॉल कामाला आली. पास!

चढ फार. चिखल, वेली, अंगाला लागली की आग होणारी पानं. माझा हात धरून एक गावातली पोरगी मला ओढत होती. हे मागे. प्रत्येक वळणावर थांबायचे, फुलं बघतोय असं दाखवायचे. मला माहीत होतं, फुलं नाहीत.

आणि मग वास आला. गोठ्यासारखा, घामासारखा. रेंजरबाई घशातून "ह्म्म-ह्म्म" असा आवाज करू लागली. तशी गोरिलांना खूण असते, आपले आहोत, घाबरू नका. झाडी बाजूला केली — आणि तो!

बसला होता. पाठ चंदेरी. हातात पाल्याची फांदी, एकेक पान ओठांनी काढून खात होता, आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता. घरचा कर्ता पुरुष जेवायला बसावा तसा. मागे दोन माद्या. आणि एकीच्या पोटाशी पिल्लू. केस सगळे उभे, डोळे मण्यांसारखे. मुनिबाएवढंच. मुनिबापेक्षा बारीकच.

हे रडले. अब्बा गेले तेव्हा रडले नव्हते ते इथे रडले. चष्म्यावर वाफ धरली, म्हणून मास्क खाली ओढला आणि रुमाल काढून काच पुसायला लागले. त्या वेळी खोकला आला. लवंग, आवंढा, श्वास — काही चाललं नाही. रुमालात तोंड खुपसून खोकले. दोनतीनदा. रेंजरबाई गर्रकन वळली. मी म्हटलं, "ड्राय थ्रोट! क्लाइम्ब!" एक पोर्टर हसला, म्हणाला, हे गोरिलाशी बोलतायत. सगळे हसले. तीही अर्धवट हसली.

रुमाल यांच्या हातून पडला. आम्ही दोघांनी बघितलं. वाकायच्या आत पिल्लू आईच्या अंगावरून घरंगळत खाली आलं. बोटभर चाल, थांब. बोटभर चाल, थांब. रुमाल उचलला. हुंगला. डोक्यावर घेतला. मग एक कोपरा तोंडात घालून चघळू लागलं.

सगळ्यांचे कॅमेरे खटाखट! यांचं तोंड उघडंच. रेंजरबाई ओरडली, हातवारे केले, पण पिल्लू रुमाल घेऊन आईच्या मागे गेलं ते गेलं. नंतर माग काढणाऱ्या एका ट्रॅकरने काठीने ओढून काढला तो. ती विचारत होती, "हूज इज धिस? इज इट क्लीन?"

हे काही बोलणार होते. मी आधी म्हटलं, "क्लीन. न्यू. क्लीन."

उतरताना हे एकच वाक्य बोलले. "ते हुबेहूब मुनिबासारखं बघतं गं."

३ डिसेंबर, बुधवार

यांना ताप. परतीचा रस्ता. बोनिफेसने दोनदा गाडी थांबवून गरम पाणी आणून दिलं. पैसे घेत नव्हता. निरोप देताना यांना म्हणाला, "डॉक्टर के पास जाना, भाई. सच बोलना उसको." हे माझ्याकडे न बघता म्हणाला.

५ डिसेंबर, शुक्रवार. अल कुसैस

घरी. बिर्याणी केली नाही. टीव्ही लावला नाही.

यांचा खोकला आता छातीतून येतो. आवाज बदललाय. यांच्या अब्बांना छातीनेच नेलं होतं, साठीच्या आतच. तोच आवाज. मी ऐकलेला आहे तो, ओटीवर, लग्नाच्या पहिल्या वर्षी.

अलिना ओरडली माझ्यावर. "यू टूक हिम टू अ जंगल लाइक धिस?" बरोबर आहे तिचं.

८ डिसेंबर, सोमवार

क्लिनिक. एक्स-रे, रक्त, नाकातून काडी घालून काहीतरी. डॉक्टर हैदराबादचा, तरुण. "अंकल, कितने दिन से है?" हे खरं बोलले. सगळं. तारखेसकट. मला बाहेर बसावंसं वाटलं.

रिपोर्ट गुरुवारी. या वयात, आत्ता, इथून जाताना छातीत काही निघालं तर? दाभोळला कोण बघणार? मुंबई गाठायची का? कुणाकडे राहायचं? काही सुचत नाही. मी अल्लाहला एकच सांगते, खोकला असताना वर जायचा हट्ट माझा होता, यांचा नाही. शिक्षा असेल तर मला दे. यांना नको.

१० डिसेंबर

उद्या रिपोर्ट. तांदूळ निवडायला घेतले ते तसेच सुपात आहेत.

११ डिसेंबर, गुरुवार

अल्हम्दुलिल्लाह! अल्हम्दुलिल्लाह! छाती साफ! काही नाही!

डॉक्टर हसला. "आंटी, रो क्यों रहे हो? सिंपल वायरस है. नर्सरी के बच्चों में घूमता है. बड़ों को थोड़ा ज्यादा पकड़ता है. गरम पानी, आराम, खलास." साधा व्हायरस! आणि मी यांना कबरीत पोहोचवलं होतं मनातल्या मनात. मूर्ख बाई!

घरी येताना यांनी मीना बाजारात उतरून मला दुपट्टा घेतला. पंचेचाळीस दिरहम. लगेच मोठ्याने रुपयांत हिशेब करून भय्याला ऐकवला आणि दहा कमी करून घेतले. म्हणजे बरे झाले!

आज पहिल्यांदा वाटलं, दाभोळही जमेल. कौलं घालू. विहीर साफ करू. आंगण आहे, मुनिबा सुट्टीत येईल. ती भिंत पाडून मोठी खिडकी काढू म्हणजे खाडी दिसेल. हे आहेत ना. मग झालं.

१४ डिसेंबर, रविवार

सामान बांधतेय. तिन्ही खोल्यांत खोकी. यांचे कपडे घडी घालताना रुमाल मोजले — मीना बाजारचं निळ्या काठाचं पाकीट. एक कमी. हसू आलं. कुठल्या जंगलात राहिला बघा यांचा रुमाल!

हे फोटो मोठा करून आणणार आहेत. पिल्लू, डोक्यावर रुमाल. दाभोळच्या ओटीवर लावायचा म्हणतात. आल्यागेल्याला दाखवायला.

१९ डिसेंबर, शुक्रवार

बोनिफेसचा मेसेज. मला, यांना नाही.

"भाभी, उस फॅमिली में सबको खांसी हुआ. बड़ा वाला ठीक हो रहा है. छोटा मर गया. माँ उसको छोड़ता नहीं, चार दिन से हाथ में लेके घूमता है. डॉक्टर बोला आदमी का बीमारी है, बच्चा लोग का सर्दी. पार्क ने उधर का रास्ता बंद किया. गाव में सब रोता है. भाई का खांसी कैसा है?"

बाहेर हे मुनिबाला पाठीवर घेऊन गोरिला-गोरिला खेळतायत. तिला हसू आवरत नाहीये. यांना खोकला नाही.